कानातला बिल्ला आणि गळ्यातली घंटा : ड्रोनची इलेक्ट्रॉनिक ओळख म्हणजे काय?

२०२४ च्या पावसाळ्यात बीड, जालना आणि छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यांतील अनेक गावांनी कितीतरी रात्री जागून काढल्या. अंधार पडला की आकाशात दिवे फिरताना दिसत, कुणीतरी ‘ड्रोन आलं’ म्हणून ओरडे आणि चोर घरांची टेहळणी करीत आहेत या धास्तीने तरुण मंडळी काठ्या घेऊन गस्तीला निघत. ठाण्यात फोन जाई आणि पोलिसांची गाडी पोहोचेपर्यंत दिवे नाहीसे झालेले असत. त्यांतील किती दिवे खरोखर ड्रोनचे होते, किती विमानांचे आणि किती निव्वळ ताऱ्यांचे, यावर पारावर आजही एकमत व्हायचे नाही. पण त्या सगळ्या गोंधळात गावकऱ्यांचा एक प्रश्न अगदी रास्त होता, आणि तो म्हणजे हे आहे तरी कुणाचे?

रस्त्यावर एखादी मोटारसायकल धडक देऊन पळाली तर निदान तिच्या क्रमांकाचे शेवटचे दोन आकडे कुणाच्या तरी ध्यानात राहतात. शंभर मीटर उंचीवरच्या, ताटाएवढ्या दिसणाऱ्या वस्तूवर लिहिलेला क्रमांक दिवसाढवळ्याही वाचता येत नाही, मग रात्रीची गोष्टच सोडा. ज्याला जगभर ‘रिमोट आयडी’ म्हणतात, ती ड्रोनची इलेक्ट्रॉनिक ओळख याच अडचणीतून जन्माला आली. भारतात ड्रोनचे नियम आहेत, नोंदणी आहे, दंडही आहे. पण यांतील नेमके काय आज बंधनकारक आहे आणि काय अजून यायचे आहे, याबाबत फवारणीवाल्यांपासून लग्नाचे चित्रीकरण करणाऱ्यांपर्यंत बहुतेकांच्या मनात गोंधळ दिसतो.

नोंदणी वेगळी, ओळख वेगळी

आपल्याकडे गाई-म्हशींच्या कानात पिवळा बिल्ला मारलेला असतो. त्यावर बारा अंकी क्रमांक असतो आणि तो सरकारी नोंदीत मालकाच्या नावाशी जोडलेला असतो. जनावर बाजारात न्यायचे तर हा बिल्ला विचारला जातो. पण तो वाचायचा तर जनावराच्या जवळ जावे लागते, कान धरावा लागतो, चिखल पुसावा लागतो. रात्री शिवारात सुटलेला बैल कुणाचा, हे बिल्ल्यावरून कळत नाही. ते त्याच्या गळ्यातल्या घंटेवरून कळते. जुना सालगडी अंधारात नुसता आवाज ऐकून सांगतो की हा वरच्या आळीचा बैल आहे आणि ओढ्याच्या अंगाने चालला आहे.

ड्रोनच्या बाबतीत नोंदणी क्रमांक हा कानातला बिल्ला आहे आणि रिमोट आयडी ही गळ्यातली घंटा. बिल्ल्यामुळे मालकाची नोंद राहते, घंटेमुळे चालत्या जनावराची ओळख दुरून पटते. नुसती घंटा असेल आणि नोंद नसेल तर आवाज ऐकू येईल, पण मालक सापडणार नाही. नुसती नोंद असेल आणि घंटा नसेल तर मालक कागदावर राहील आणि ड्रोन आकाशात अनोळखी. भारतात आज बिल्ला सक्तीचा आहे, घंटा अजून व्हायची आहे. या एका वाक्यात निम्मा गोंधळ मिटतो.

बिल्ला : यूआयएन

२५ ऑगस्ट २०२१ रोजी केंद्र सरकारने ‘ड्रोन नियम, २०२१’ अधिसूचित केले. त्यांनुसार ड्रोन उडवण्यापूर्वी त्याची नोंदणी करून एक विशिष्ट ओळख क्रमांक घ्यावा लागतो. इंग्रजी आद्याक्षरांवरून सगळे त्याला ‘यूआयएन’ म्हणतात, म्हणून येथेही तोच शब्द वापरतो. त्यासाठीच्या अर्जाला ‘डी-२’ म्हणतात आणि शुल्क अवघे १०० रुपये आहे. नियमांत या कामाच्या संकेतस्थळाचे नाव ‘डिजिटल स्काय’ असे आहे. त्यातील अनेक सेवा आता नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, म्हणजे डीजीसीएच्या, ‘ई-जीसीए’ या संकेतस्थळावर हलवल्या गेल्या आहेत.

या क्रमांकाची खरी गंमत अशी की तो एका वस्तूला चिकटलेला नसून तीन वस्तूंना एकत्र बांधणारा आहे. एक म्हणजे निर्मात्याने ड्रोनला दिलेला अनुक्रमांक, दुसरा ड्रोनच्या पोटातील फ्लाइट कंट्रोलरचा, म्हणजे उड्डाण सांभाळणाऱ्या मेंदूचा, आणि तिसरा पायलटच्या हातातील नियंत्रकाचा, ज्याला आपण सरसकट रिमोट म्हणतो. हे तिन्ही मिळून एक यूआयएन होतो. म्हणूनच ड्रोन तारेत अडकून पडला, कारागिराने जुना कंट्रोलर काढून दुसरा बसवला आणि मालकाने नोंदीत काही कळवले नाही, तर बाहेरून तोच असलेला ड्रोन कागदोपत्री वेगळा होऊन बसतो. मोटारसायकलचे इंजिन बदलल्यावर आरटीओच्या नोंदीत इंजिन क्रमांक बदलून घ्यावा लागतो, तसाच हा प्रकार आहे. फवारणीच्या ड्रोनना विजेच्या तारा, बांधावरची लिंबाची-बाभळीची झाडे आणि पवनचक्क्यांच्या लाइनी पदोपदी आडव्या येतात, त्यामुळे आपल्याकडे ही चूक सहज होण्यासारखी आहे.

सेकंडहँड व्यवहाराचेही तसेच आहे. ड्रोन विकला की यूआयएन नव्या मालकाच्या नावावर करून द्यावा लागतो आणि त्यासाठी ‘डी-३’ हा वेगळा अर्ज आहे. तो न भरता रोख पैसे घेऊन मोकळा झालेला माणूस कागदावर मालकच राहतो आणि पुढे त्या ड्रोनने काही उपद्व्याप केला तर पहिली विचारपूस त्याच्याच दारात येते.

गेल्या हंगामात परभणीजवळच्या एका तुरीच्या शेतात बचत गटाच्या ताईंची फवारणी पाहायला उभा होतो. शेतमालकाने सहज विचारले, "ताई, गाडीसारखा याचा बी नंबर असतो का?" त्यांनी ड्रोन जमिनीवर ठेवला, फडक्याने एका बाहूवरचा चिकट थर पुसला आणि खालची पट्टी दाखवली. औषधाने आणि उन्हाने पट्टी पांढुरकी पडली होती, शेवटची चार अक्षरे पार उडालेली होती. ताई ओशाळल्या नाहीत. बॅटरीच्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवलेले लॅमिनेट केलेले कार्ड त्यांनी उघडून दाखवले, त्यावर पूर्ण क्रमांक, प्रमाणपत्राची प्रत आणि विम्याची तारीख होती. "पट्टी दर महिन्याला उडती," त्या म्हणाल्या, "म्हणून हे करून ठेवलंय." हातभर अंतरावरूनही ज्या क्रमांकाची ही अवस्था होते, त्याच्या भरवशावर आकाशातील ओळख पटवण्याची अपेक्षा किती ठेवायची, हे त्या पट्टीने मला कुठल्याही नियमावलीपेक्षा नीट समजावले.

वजन कसे मोजायचे?

नियमांत ड्रोनचे पाच वर्ग आहेत. २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, त्यापुढे २ किलोपर्यंत मायक्रो, २५ किलोपर्यंत लहान, १५० किलोपर्यंत मध्यम आणि त्यापुढे मोठा. येथे वजन धरायचे ते रिकाम्या ड्रोनचे नव्हे, तर बॅटरी आणि भरलेल्या टाकीसह उडतानाचे जास्तीत जास्त वजन. शेतात दिसणारे दहा लिटर टाकीचे फवारणी ड्रोन बहुधा लहान या वर्गात मोडतात आणि त्यांना नोंदणी, विमा आणि प्रशिक्षित पायलटचे प्रमाणपत्र या तिन्ही गोष्टी लागतात.

नॅनो ड्रोनला टाइप सर्टिफिकेट, म्हणजे त्या मॉडेलची सरकारमान्य तपासणी झाल्याचा दाखला, लागत नाही. पायलटचे प्रमाणपत्र आणि तृतीय पक्ष विमाही लागत नाही. यावरून ‘२५० ग्रॅमच्या आत असेल तर कायदाच लागू नाही’ असा समज पसरला आहे, तो मात्र चुकीचा आहे. नोंदणीतूनही आपोआप सूट मिळाली असे गृहीत धरू नये, आणि निषिद्ध क्षेत्राची बंधने तर कोणत्याही वजनाला माफ नाहीत. मायक्रो ड्रोन हौसेने उडवणाऱ्याला पायलट प्रमाणपत्रातून सूट आहे, पण त्याच ड्रोनने पैसे घेऊन साखरपुडा चित्रित केला की ती सूट संपते.

घंटा कशी वाजते?

रिमोट आयडीची यंत्रणा वाटते तितकी गुंतागुंतीची नाही. ड्रोनवर उपग्रहांवरून स्वतःचे ठिकाण ओळखणारा जीपीएस ग्राहक आधीच असतो. रिमोट आयडीचा भाग त्याच्याकडून अक्षांश, रेखांश आणि उंची घेतो, त्याला ड्रोनचा क्रमांक, वेग, दिशा आणि वेळ जोडतो आणि हा छोटासा संदेश साधारण दर सेकंदाला एकदा चहूकडे सोडतो. अमेरिकेच्या नियमात यासोबत पायलट कुठे उभा आहे हेही सांगावे लागते. संदेश सोडण्यासाठी वेगळा टॉवर लागत नाही. आपल्या मोबाइलमध्ये असलेले ब्लूटूथ किंवा वाय-फाय यांच्याच लहरींवर तो जातो आणि परिसरातील कुणीही योग्य अॅप असलेल्या फोनवर तो वाचू शकतो. मोकळ्या माळावर तो काही शे मीटर, क्वचित त्याहून पुढेही पोहोचतो. इमारतींच्या दाटीत लवकर विरतो.

खेड्यापाड्यांत पहिली शंका येते ती रेंजची. डोंगराच्या कुशीतील गावात फोनवर बोलायला गच्चीवर जावे लागते, तिथे हे कसे चालणार? उत्तर असे की, या प्रकाराला इंटरनेट लागतच नाही. हा संदेश मोबाइल टॉवरमार्फत कुठल्या सर्व्हरकडे जात नाही, तो थेट हवेत सोडलेला असतो, जशी घंटा ऐकायला मध्ये कुणी निरोप्या लागत नाही. इंटरनेटवरून केंद्रीय यंत्रणेला ठिकाण कळवणारा दुसरा प्रकारही आहे. त्यात दूरच्या नियंत्रण कक्षात बसून सगळे ड्रोन एका नकाशावर दिसतात, पण त्याला रेंज हवी. अमेरिकेने नियम ठरवताना इंटरनेटची सक्ती सोडून थेट प्रसारणाचा मार्ग धरला. माझ्या मते आपल्या भागालाही तोच परवडेल, कारण नेटवर्क नाही म्हणून फवारणी खोळंबणे हा सोयाबीनवर अळी पडलेली असताना कुणालाही सोसणारा प्रकार नाही.

ज्या ड्रोनमध्ये ही सोय कारखान्यातूनच आलेली असते, त्यांना अमेरिकेत उडण्यापूर्वी स्वतःची तपासणी करावी लागते आणि घंटा वाजत नसेल तर ड्रोनने जमीन सोडता कामा नये, अशी तेथील अट आहे. जुन्या ड्रोनवर काडेपेटीएवढे वेगळे उपकरण बसवता येते. ते पायलटचे चालू ठिकाण सांगत नाही, फक्त उड्डाण कुठून झाले तो बिंदू सांगते, आणि असा ड्रोन पायलटने नजरेच्या टप्प्यातच ठेवायचा असतो.

इतरांनी काय केले?

जपानने २० जून २०२२ पासून १०० ग्रॅम व त्याहून जड ड्रोनना नोंदणी आणि रिमोट आयडी लागू केले. अमेरिकेत नियम जानेवारी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला, पायलटांसाठी तो १६ सप्टेंबर २०२३ पासून लागू झाला. पण बाजारात उपकरणेच पुरेशी नाहीत अशी ओरड झाल्यावर प्रत्यक्ष कारवाई १६ मार्च २०२४ पर्यंत सैल ठेवावी लागली. युरोपीय संघात १ जानेवारी २०२४ पासून बहुतेक वर्गांतील ड्रोनना थेट प्रसारणाची अट लागली. तिथे संदेशात चालकाचा नोंदणी क्रमांक असतो. नियम आधी आणि सामान मागून, हा अनुभव आपल्या भावी नियमकर्त्यांनी नीट लक्षात ठेवण्याजोगा आहे.

भारतात घंटेचे काय झाले?

भारताने या बाबतीत उलटी वाट चालून पाहिली आहे. २०१८ च्या नियमावलीत ‘परवानगी नाही तर उड्डाण नाही’ ही अट होती. तिला इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘एनपीएनटी’ म्हणतात. ड्रोनने उडण्याआधी प्रत्येक वेळी सरकारी यंत्रणेकडून डिजिटल परवाना घ्यायचा, तो मिळाल्याशिवाय मोटारच फिरणार नाही. आपल्या उपमेत सांगायचे तर हे दावे, म्हणजे जनावर बांधायची दोरी, झाले, मालकाने सोडल्याशिवाय जनावर जागचे हलत नाही. रिमोट आयडी मात्र कुणाला अडवत नाही, ती फक्त चालताना आपला आवाज करते. लोक या दोन गोष्टींची सर्रास गल्लत करतात, म्हणून हा फरक मुद्दाम सांगावा लागतो.

२०२१ च्या नियमांनी धोरण सैल केले आणि ही सगळी बंधने पुढे ढकलली. नियम १२ मध्ये तीन सुरक्षा-सुविधांची नावे आहेत. पहिली एनपीएनटी. दुसरी ड्रोनचे ठिकाण, उंची, वेग आणि यूआयएन त्याच क्षणी कळवत राहणारा संकेतदीप, म्हणजेच आपली घंटा. तिसरी जिओ-फेन्सिंग, म्हणजे नकाशावर आखलेल्या कुंपणापलीकडे ड्रोन जाणार नाही अशी सोय. केंद्र सरकार या सुविधा भविष्यात अधिसूचना काढून सक्तीच्या करू शकते आणि तसे केल्यास मालकांना तयारीसाठी किमान सहा महिने द्यावे लागतील, असे त्या नियमातच लिहिले आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्राने नागरी ड्रोनविषयीच्या स्वतंत्र विधेयकाचा मसुदा हरकतींसाठी खुला केला. त्यातही ड्रोनमधील सुरक्षा-सुविधांवर भर आहे आणि शिक्षेच्या तरतुदी आजच्यापेक्षा कडक आहेत.

म्हणून कुणी विक्रेता ‘रिमोट आयडी नसेल तर उद्यापासून तुमचा ड्रोन जप्त’ असे सांगून एखादे उपकरण गळ्यात मारू पाहत असेल, तर अधिसूचना कोणती आणि कोणत्या तारखेची, हे त्याला विचारावे. उलट कुणी ‘भारतात अजून काहीच लागत नाही’ असे म्हणत असेल, तर त्याला यूआयएनची आठवण करून द्यावी. ड्रोन नियमांच्या भंगाला १ लाख रुपयांपर्यंत दंड आहे.

कुठे उडवता?

ओळखीइतकाच महत्त्वाचा भाग जागेचा आहे, पण तो नकाशा उघडला की पाच मिनिटांत कळतो, म्हणून थोडक्यात सांगतो. २४ सप्टेंबर २०२१ रोजी प्रसिद्ध झालेल्या हवाई नकाशात देश हिरव्या, पिवळ्या आणि लाल क्षेत्रांत विभागला आहे. हिरव्या क्षेत्रात ४०० फुटांपर्यंत उड्डाणाला परवानगी लागत नाही. चालू विमानतळाच्या कुंपणापासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा २०० फूट होते, ५ ते ८ किलोमीटरच्या पट्ट्यात जमिनीपासूनच पिवळे क्षेत्र सुरू होते आणि हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी लागते. लाल क्षेत्रात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय काहीही नाही.

मराठवाड्यात छत्रपती संभाजीनगरचे चिकलठाणा, नांदेड आणि लातूर येथे विमानतळ आहेत. चिकलठाण्याचा विमानतळ तर जालना रोडला लागूनच आहे, आणि शहराच्या त्या अंगाला व बीड बायपासच्या बाजूला मंगल कार्यालयांची आणि लॉन्सची रांगच लागलेली आहे. लग्नसराईत वरातीवरून ड्रोन फिरवणाऱ्या किती जणांनी आधी नकाशा उघडला असेल, याचा अंदाज वाचकांनीच करावा. वेरूळ, अजिंठा, देवगिरी यांसारख्या संरक्षित वास्तूंना पुरातत्त्व खात्याची वेगळी बंधने आहेत. याशिवाय पोलीस अधीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाचा अधिकारी एखादा भाग एका वेळी ९६ तासांपर्यंत तात्पुरता लाल घोषित करू शकतो. मोठी सभा, मोर्चा, यात्रा असेल तर काल हिरवा असलेला भाग आज लाल असू शकतो.

‘चोर थोडाच घंटा बांधून येणार?’

हा आक्षेप सगळ्यात आधी येतो आणि तो खोटा नाही. ज्याला टेहळणीच करायची आहे तो नोंदणी करणार नाही, घंटा असली तरी ती बंद करील, हाताने जोडलेला ड्रोन आणील. शिवाय आजच्या पद्धतीतील संदेशांवर बहुधा डिजिटल सही नसते, त्यामुळे जाणकार माणूस खोटा संदेशही सोडू शकतो. रिमोट आयडीने चोर पकडले जातील, असे म्हणणे म्हणजे गाडीच्या नंबरप्लेटने दरोडे थांबतील असे म्हणण्यासारखे आहे.

तिचा उपयोग दुसरीकडे आहे. रात्री आकाशात पाच दिवे दिसले, त्यांतील चौघांनी आपला क्रमांक सांगितला आणि पाचवा गप्प राहिला, तर शोध कुणाचा घ्यायचा हे लगेच कळते. आज पाचही गप्प आहेत, म्हणून पाचही चोर वाटतात. स्वामित्व योजनेत गावठाणाची मोजणी झाली तेव्हा ड्रोन येणार असल्याची दवंडी आधी पिटली गेली होती, लोकांनी स्वतः चुन्याच्या रेघा मारून आपापल्या जागेच्या हद्दी दाखवल्या होत्या आणि पोरे ड्रोनमागे धावत होती. तेच यंत्र सूचना न देता रात्री आले की काठ्या निघतात. यंत्रापेक्षा त्याचे अनोळखीपण लोकांना घाबरवते, आणि प्रामाणिक ड्रोनवाल्याला मार बसण्याची शक्यताही त्या अनोळखीपणातूनच तयार होते.

‘मग माझा ठावठिकाणा कुणालाही कळेल’

हा आक्षेप मला पहिल्यापेक्षा वजनदार वाटतो. एकटी महिला पायलट लांबच्या शिवारात फवारणी करीत आहे आणि ती नेमकी कुठे उभी आहे हे अॅप असलेल्या कुणालाही दिसत आहे, ही कल्पना अस्वस्थ करणारी आहे. संदेशात नाव, पत्ता किंवा फोन नसतो, नुसता क्रमांक असतो. त्या क्रमांकामागील माणूस फक्त अधिकृत यंत्रणेला कळतो. तरी पायलटच्या जागेचा प्रश्न उरतोच. अमेरिकेत हा मुद्दा थेट न्यायालयात गेला आणि २०२२ मध्ये तेथील अपील न्यायालयाने नियम ग्राह्य ठरवला. उघड्या आकाशात ड्रोन उडवणे ही खासगी बाब मानता येत नाही, असा त्यामागचा सूर होता. जपानने मात्र पायलटची जागा आणि मालकाची माहिती संदेशात घेतलीच नाही. भारताच्या नियम १२ मधील यादीतही ठिकाण, उंची, वेग आणि यूआयएन एवढेच आहे, पायलटच्या जागेचा उल्लेख नाही. अधिसूचना निघेल तेव्हा ही यादी वाढू नये, अशी हरकत नोंदवणे शेतकरी आणि बचत गट या दोघांच्याही हिताचे होईल.

‘परदेशी ड्रोन घेऊन बसलोय, त्याचे काय?’

गावोगावच्या फोटो स्टुडिओवाल्यांची ही खरी दुखरी नस आहे. ९ फेब्रुवारी २०२२ पासून तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे. संशोधन, संरक्षण आणि सुरक्षेसाठी अपवाद आहेत आणि सुटे भाग मोकळे आहेत. नॅनोपेक्षा जड ड्रोनला यूआयएन मिळवायचा तर टाइप सर्टिफिकेट असलेले मॉडेल लागते. त्यामुळे ओळखीच्या माणसाकडून आणलेला, बिल नसलेला ड्रोन कितीही चांगले चित्र काढीत असला तरी त्याला बिल्ला मिळणे अवघड आहे आणि बिल्ला नाही तर उद्या घंटा तरी कशाला बांधणार? यावर सोपा उपाय मला दिसत नाही. नवा घेताना मात्र विक्रेत्याकडून टाइप सर्टिफिकेटचा क्रमांक, तिन्ही अनुक्रमांक लिहिलेले पक्के बिल आणि पुढे संकेतदीप सक्तीचा झाल्यास तो सॉफ्टवेअर बदलून चालेल की वेगळे उपकरण बसवावे लागेल, याचे लेखी उत्तर घ्यावे. तोंडी ‘होऊन जाईल की’ हे उत्तर नव्हे.

तुतीच्या बांधावर

ओळखीचा सगळ्यात मोठा फायदा मला पोलीस ठाण्यात नव्हे, तर बांधावर होईल असे वाटते. बीड आणि जालना जिल्ह्यांत गेल्या काही वर्षांत तुतीची लागवड आणि रेशीम कोष उत्पादन चांगलेच वाढले आहे. रेशीम अळी कीटकनाशकाच्या बाबतीत इतकी नाजूक असते की शेजारच्या कपाशीवर मारलेल्या औषधाचा तुषार वाऱ्याने तुतीच्या पानावर आला आणि तो पाला तिच्यापुढे गेला, तर अख्खी बॅच जाऊ शकते. पाठीवरच्या पंपाने फवारणी होत असे तेव्हा माणूस बांधावर दिसायचा, भांडण समोरासमोर व्हायचे. ड्रोन दहा मिनिटांत एकर उरकून निघून जातो. दोन दिवसांनी अळ्या मान टाकतात, तेव्हा त्या दिवशी परिसरात तीन ड्रोन फिरले होते एवढेच लोकांना आठवते, आणि संशय ज्याच्याशी आधीच वैर आहे त्याच्यावर जातो.

अशा वेळी कोणता क्रमांक, किती वाजता, कोणत्या गटावर, किती उंचीवरून गेला याची नोंद असेल तर ती दोषी माणसाला उघडे पाडते आणि निर्दोष माणसाला सोडवतेही. ही नोंद घंटा येईपर्यंत थांबून राहिलेली नाही. फवारणी ड्रोनच्या अॅपमध्ये प्रत्येक उड्डाणाचा मार्ग बहुधा आपोआप साठवला जातो. तो दर आठवड्याला काढून जपून ठेवायचा, एवढेच काम आहे, कारण फोन बदलला की तो अनेकदा पुसला जातो.

परभणीच्या त्या ताईंच्या पेटीत लॅमिनेट कार्डाखाली एक शंभर पानी वहीही होती. तारीख, गट क्रमांक, शेतमालकाची सही, औषधाचे नाव, सुरू केल्याची आणि संपवल्याची वेळ, आणि शेवटच्या रकान्यात वाऱ्याची दिशा. एका ओळीपुढे ‘पूर्वेला तुती, ६ तास सोडून’ असे लिहिलेले होते. मी विचारले तेव्हा त्या म्हणाल्या की तिथे पिकाचे सहा तास, म्हणजे सहा ओळी, मुद्दाम न फवारता ठेवले, शेतमालक कुरकुरला, पण त्याच्याकडूनच सही करून घेतली.